चांगल्या पायांची बारा माणसं

आमच्या घरात आदर्श भिंतीला टांगलेले असायचे. धुळ्याच्या मिशन कंपाउंडात आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, त्याच्या समोरच्या खोलीत घड्याळाखाली मोठ्या मिससाहेबांचा फोटो होता. पांढरा झगा, डोक्यावर टोपी, आणि हसताहेत की दाढ दुखतेय ते कळू नये असा चेहरा. त्यांनी म्हणे सातासमुद्रापलीकडून येऊन पत्र्याच्या शेडमध्ये कुष्ठरोग्यांचा दवाखाना काढला, गावांनी शिवेबाहेर घातलेल्यांना पदराखाली घेतलं आणि इथेच कंपाउंडातल्या लिंबाखाली त्या विसावल्या. झग्याला पदर कुठून आला, असं मी एकदा विचारलं, तेव्हा नानांनी मला ताटावरून उठवलं होतं. नाना म्हणजे माझे वडील. शाळेत मराठी शिकवायचे, रविवारी संडे स्कूल घ्यायचे आणि आमच्या चर्चच्या मंडळीच्या समितीवर होते. माझं नाव करुणा ठेवलं तेही त्यांनीच. कंपाउंडातल्या बायका म्हणायच्या, "नाव करुणा आणि जिभेवर ठेचा." खोटं नव्हतं. आजही नाही.

रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना. चटई अंथरायची, गीत म्हणायचं, मग नाना एक गोष्ट सांगायचे. वाटेत लुटून टाकलेल्या परक्याला सराईत नेणारा चांगला शोमरोनी, प्रभूनं बरे केलेले दहा कुष्ठरोगी, मोठ्या मिससाहेब, परत शोमरोनी. नाना सांगायचे मात्र सुरेख. वाटेवर अर्धमेला पडलेला माणूस अगदी आपल्या पांझरेच्या पुलावर पडलाय असं वाटायचं. पण चुलीवरून उतरलेली कळण्याची भाकरी पाटीत गार होत असायची, वांग्याच्या भरताचा वास नाकात शिरत असायचा, आणि गोष्ट संपली की नाना चष्मा काढून विचारायचे, "करुणा, यातून आपण काय शिकलो?" मी म्हणायचे, "भाकरी गार झाली." आई तोंडाला पदर लावायची. ती हसत होती की जांभई देत होती, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक जांभईच असेल, कारण दिवसभर वॉर्डात उभी राहून ती इतकी दमलेली असायची की शोमरोनी सराईपर्यंत पोचायच्या आत तिचे डोळे मिटायचे.

आई त्याच दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टरबाई म्हणायचे. ती काही गोड बोलणारी बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे आपल्या मनानं तिच्याभोवती प्रभामंडळ काढतील. ती फटकळ होती, पेशंटांवर ओरडायची. दवाखान्यानं दिलेली मऊ काळ्या रबराची चप्पल न घालता कोणी शेतात गेलं की त्याची खैर नसायची. हा आजार औषधानं जातो, पण पायाची बधिरता मागे राहते. काटा रुतला, निखारा लागला तरी कळत नाही, आणि मग जखम होते ती वर्षानुवर्षं भरत नाही. त्या जखमा धुणं, मेलेली कातडी काढणं, पट्टी बांधणं हे आईचं काम. घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला डेटॉलचा वास यायचा, आणि मी शाळेतलं काही सांगायला गेले की म्हणायची, "रविवारी सांग." रविवार तेवढा आमचा होता. सकाळी चर्च, मग शिकेकाईनं माझं न्हाणं, मग जेवण, आणि दुपारी ती माझ्या अंगावर हात टाकून झोपायची. सांगायच्या गोष्टी मी आठवडाभर साठवून ठेवायचे आणि ती पहिल्याच गोष्टीला घोरायला लागायची. तरी तो हात अंगावर असायचा ना! बाकी आठवडा तो हात लोकांचा होता.

आमच्या मंडळीत एक रिवाज होता. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुवायचे, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. ते बारा जण दवाखान्यामागच्या वसाहतीतून आणायचे, बरे झालेले पण घरी परत न गेलेले पेशंट. ख्रिस्ती असलेच पाहिजेत असंही नव्हतं. ऐकायला किती छान! आता खरं सांगते. ते बारा जण निवडले जायचे. ज्यांच्या पायाला जखम नाही, बोटं बऱ्यापैकी शाबूत आहेत, दिसायला बरं दिसेल, असे बारा. आणि त्या दिवशी सकाळी, दवाखान्यामागच्या नळावर, माझी आई त्या बाराही जणांचे पाय साबणानं घासून, नखं कापून, पुसून तयार करायची, म्हणजे संध्याकाळी पाळकसाहेबांना ते धुता यावेत. मी टॉवेल धरायला असायचे. धुतलेले पाय पुन्हा धुवायचे, यात काहीतरी चुकतंय असं त्या कंपाउंडात एकालाही वाटत नव्हतं. लग्नाला जाताना पोराचं तोंड पुसावं तितक्या सहज हे चाललेलं होतं. मला मात्र चीड यायची, अजून येते, आत्ता लिहितानाही पेन जोरात दाबलं जातंय.

वसाहतीत कौतिकअक्का म्हणून एक बाई होती. पारोळ्याकडच्या एका गावातली, शेतकऱ्याच्या घरातली. अंगावर चट्टे उठले तेव्हा नवऱ्यानं तिला दवाखान्याच्या फाटकाशी सोडलं, तो पुन्हा फिरकला नाही. आजार केव्हाच गेला होता. हाताची बोटं आत वळलेली राहिली आणि उजव्या पायाच्या तळव्याला एक हट्टी जखम. खोलीपुढे तिनं तुळस लावली होती आणि माझ्या आईशी तिचं रोज भांडण व्हायचं, कारण ती चप्पल खोलीत ठेवून अनवाणी फिरायची. "नवी शे, खराब व्हई जाई," म्हणायची. आई म्हणायची, "चप्पल नवी ठेव आणि पाय कापून टाक." दोघींचं फार जमायचं.

नवरा वारल्यावर तिचा मुलगा सुपडू यायला लागला. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, अंगावर नेहमी रुईचे तंतू. आईला घरी न्यावं असं त्याच्या मनात होतं, पण गाव तयार नव्हतं. दवाखान्याच्या दाखल्यावर गावाचा विश्वास बसेना. शेवटी पोलीस पाटलानं तोडगा काढला. त्या वर्षी गुरुवारच्या विधीला बिशपसाहेब स्वतः येणार होते, ही बातमी सुपडूनं गावात नेली होती. कौतिकअक्कानं नळावर बसून आईला सगळं सांगितलं, मी तिथेच होते. "मना गावना लोके म्हनतस, मोठा साहेब बठ्ठास्ना समोर तुले हात लावस का, ते आम्हले दखाड. मंग ये घर." मग म्हणाली, "मी काय तुमना येशूनी नही, माय. पन पाय धवाले काय जात लागस?"

"मी रोज धुते की तुझे पाय," आई म्हणाली.

"तुन्हं कोन धरस माय? तू तर नर्स शे."

आईनं पट्टी ओढून बांधली. पट्टीची गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

म्हणजे बारा जणांत बसायला मिळालं तर बाई घरी जाणार, नाही तर त्याच खोलीत मरणार, इतकं ते साधं होतं. आई समितीच्या बैठकीला गेली. बायकांना समितीत जागा नव्हती, म्हणून ती दारात उभी राहिली आणि मी तिच्या मागे. सेक्रेटरी साळवेसर होते, इस्त्रीच्या घडीसारखे माणूस. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण बिशपसाहेब पहिल्यांदा येताहेत. वाहती जखम, पट्टी, वास... फोटोग्राफर सांगितलाय. बरं दिसेल का?"

आई म्हणाली, "प्रभूनं काय आधी पाय तपासून शिष्य बसवले होते?"

"तो काळ वेगळा होता," साळवेसर म्हणाले. "आणि हे बघा, जखम बरी होऊ द्या. पुढच्या वर्षी पहिलं नाव त्यांचं."

मी नानांकडे बघत होते. वाटेवर पडलेल्या माणसाला बाजूनं टाळून गेलेल्या, शोमरोन्याच्या गोष्टीतल्या याजकाबद्दल बोलताना ज्यांचा आवाज भरून यायचा, ते माझे नाना टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. घरी आल्यावर मी कडाडलेच, "यातून आपण काय शिकलो, नाना?" आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. नाना जेवले नाहीत, पण समितीकडेही परत गेले नाहीत. मला वाटतं, त्या दिवसापासून मला भिंतीवरच्या फोटोचा खरा राग यायला लागला. बिचाऱ्या मिससाहेबांचा काय दोष? पण मेलेल्या माणसाला आदर्श करणं फार सोयीचं असतं हो. तो उठून विचारत नाही, की बाबा रे, आज काय केलंस?

तो गुरुवार उजाडला तेव्हा खानदेशातला चैत्र तापला होता. नळाचं पाणी सकाळीच कोमट. निवडलेले बारा जण ओळीनं बसले होते आणि आई उकिडवी बसून घासत होती. पहिलेच होते भिका आबा, दर वर्षीचे मानकरी, कारण त्यांचे पाय वसाहतीत सगळ्यांत चांगले. आईनं साबण लावला तसा त्यांनी पाय मागे घेतला. "दरसाल हाई नाटक," ते म्हणाले. "सकायले तू घासस, संध्याकायले साहेब घासस. मना पाय पातय व्हई ग्यात. माले नही बठनं. कौतिकले बठाड." आणि खरंच उठून, काठी टेकत, तंबाखू मळत निघून गेले. आईनं त्यांना थांबवलं नाही. साळवेसरांना सांगायलाही गेली नाही. फक्त मला म्हणाली, "कौतिकअक्काचं नऊवारी धुतलेलं आहे का बघून ये."

संध्याकाळी चर्च गच्च भरलं. दारापाशी सुपडू उभा होता, त्याच्याबरोबर पोलीस पाटील आणि गावातली दोन म्हातारी माणसं, टोप्या हातात घेऊन. पंखे गरगरत होते, पेटीवर गीत चाललं होतं. बिशपसाहेब उंच, शांत, थकल्या डोळ्यांचे होते. कमरेला टॉवेल बांधून ते एकेकापुढे गुडघे टेकत होते. आई तांब्यानं पाणी ओतत होती. अकरा जण झाले आणि बाराव्या खुर्चीवर कौतिकअक्का. साळवेसरांचं लक्ष तेव्हा गेलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला गुड फ्रायडे एक दिवस आधीच आल्यासारखा वाटला. आईनं तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत पट्टी सोडली. जखमेचा वास पहिल्या दोन बाकांपर्यंत आला. गीत म्हणणारे मध्येच थांबले, पेटी एकटीच वाजत राहिली.

बिशपसाहेब थबकले. फार नाही, श्वास घेण्यापुरते. मग त्यांनी डावा पाय, चांगला पाय, दोन्ही हातांत घेऊन नीट धुतला. उजव्या पायावर आईनं पाणी ओतलं, आणि त्यांनी वरच्या बाजूला, घोट्याजवळ, दोन बोटं लावली. दोनच. फोटोग्राफरचा फ्लॅश तेवढ्यात उडाला. बाकी पाय आईनं धुतला आणि पुसला. माझ्याइतक्या जवळून कोणी ते पाहिलं नसेल, कारण टॉवेल माझ्या हातात होता. मी साहेबांना नावं ठेवत नाही. पहिल्यांदा ती जखम बघणारे डॉक्टरसुद्धा मागे सरतात. पण मला सगळं अंग पेटल्यासारखं झालं. दारातून मात्र पाटलाचा आवाज आला, "लावा! साहेबनी हात लावा!" म्हणजे, साहेबांनी हात लावला. कौतिकअक्का रडत होती. सुपडू हसत होता. त्याच आठवड्यात तो टेम्पो घेऊन आला आणि तुळशीच्या कुंडीसकट तिला घेऊन गेला. जाताना ती नवी चप्पल घालून गेली.

तो फोटो आजही आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आहे, काच बदलून, मोठा करून. खाली 'सेवेचा आदर्श' असं लिहिलंय. साहेबांची दोन बोटं स्पष्ट दिसतात. आईचा मनगटापासून पुढचा हात आणि तांब्या आलाय, बाकी आई चौकटीबाहेर. परवाच नवे पाळक घरी आले होते, चुणचुणीत पोरगा आहे, म्हणाला, "आजी, तरुणांसमोर त्या प्रसंगावर बोला ना. दुसऱ्यांची वेदना आपली मानणारे आदर्श हवेत हो आजकाल." मी म्हटलं, "बोलते. पण त्या दिवसापुरतं नाही बोलणार, पुढचंही सांगेन." त्याला वाटलं, म्हातारी लांबण लावणार. मोबाइल बघत म्हणाला, "दहा मिनिटांत बसवा." दहा मिनिटांत बसत नाही, म्हणून लिहायला बसले.

पुढचं असं झालं. कौतिकअक्का पट्टी बदलायला यायची होती, ती आली नाही. एक आठवडा, दुसरा, तिसरा. आईनं वाट बघितली आणि एका रविवारी चर्चच्या वेळेलाच पारोळ्याच्या एसटीत बसली, मला घेऊन. माझं न्हाणं राहिलं, माझ्या गोष्टी राहिल्या, आणि खिडकीतून भट्टीसारखं वारं. फाट्यावर उतरून उन्हात चालत गेलो. सुपडूचं घर नीटनेटकं होतं, शेणानं सारवलेला ओटा, दारात बैल. कौतिकअक्का घरात नव्हती. घरामागच्या खळ्यात, जिथे जळणाची पऱ्हाटी रचून ठेवतात, तिथे एका छपरात होती. वेगळा माठ, वेगळी तीन दगडांची चूल, ॲल्युमिनियमची एक थाळी. सून निर्मला रोज पीठ आणि भाजी छपराच्या दाराशी ठेवून जायची. अक्कानं शिजवायचं, अक्कानं खायचं. बोलायला तुळस.

"गावनी मानं ना?" आईनं सुपडूला विचारलं. चिडली की ती अहिराणीत शिरायची.

सुपडू खाली मान घालून उभा. "गावमा घेतं ना सिस्टर. पन घरमा... बायको आयकस नही. मायना हातनं कोनी खात नही. गल्लीना लोके म्हनतस, साहेबनी त्या पायले दोनच बोटं लाया."

ऐकलंत? गावानंही मोजली होती. साहेबांनी दोन बोटं लावली, मग गावानंही तिला दोन बोटांवरच घेतलं. मला वाटलं, आता आई कडाडणार, पाटलाला बोलावणार, बिशपसाहेबांना कळवणार. मी तर भांडायला पदर खोचूनच होते. आईनं छपरात जाऊन आधी पट्टी बदलली, हात धुतले आणि म्हणाली, "अक्का, भूक लागलीये. भाकर टाक."

कौतिकअक्का बघतच राहिली. मग तिनं पीठ ओढलं. वळलेल्या बोटांनी भाकरी थापता येत नाही, ती तळहाताच्या टाचेनं थापायची, कडा जाड, मध्ये पातळ, एका बाजूला कलंडलेली. वर हिरव्या मिरचीचा ठेचा. ती थाळी उचलून आई छपरातून बाहेर आली आणि थेट पुढच्या ओट्यावर, गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी, मांडी घालून बसली. "बस," मला म्हणाली. मला नको होतं. त्या हातांची भाकरी, त्या उन्हात, त्या ओट्यावर, गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघताहेत. पण आईच्या 'बस'ला उत्तर नसायचं. मी बसले आणि रागारागानं खाल्ली. आत दाराच्या चौकटीला धरून निर्मला उभी होती. मी तेव्हा पंधरा-सोळाची, ती माझ्याहून फार मोठी नसेल. तिच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, नुसती भीती होती, कडेवर लेकरू होतं ना तिच्या.

पुढच्या रविवारी मी शिकेकाई भिजवून बसले, तर आई पिशवी भरत होती. गॉज, पट्ट्या, एक कांदा. "परत?" मी ओरडले. "परत," ती म्हणाली. आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. माझा एकुलता एक रविवार असा दुसऱ्याच्या ओट्यावर गेला. ऊन गेलं, पेरण्या झाल्या, फाट्यापासूनच्या रस्त्याचा चिखल झाला, चपला हातात घेऊन जायचो. दर वेळी तेच. पट्टी, भाकरी, ओटा, जेवण, पाणी, एसटी. भाषण नाही, प्रार्थना नाही, गोष्ट तर नाहीच. मी विचारलं, "किती दिवस?" तर म्हणाली, "जखम एका दिवसात भरते का?" ती पायाबद्दल बोलत असावी असं मला तेव्हा वाटलं.

इकडे मंडळीत कुजबुज सुरू झाली. सिस्टरबाई रविवारी येत नाहीत, प्रभुभोजनाच्या विधीलाही नसतात. समितीनं नानांवर काम सोपवलं. एका रविवारी सकाळी आई पिशवी घेऊन निघाली तेव्हा नाना दारात उभे राहिले. घसा साफ करून म्हणाले, "समितीचं असं म्हणणं आहे..."

"समितीला सांगा, माझी गाडी चुकतेय," आई म्हणाली आणि त्यांच्या हाताखालून निघून गेली. मी वळून बघितलं. नाना रस्त्याकडे तोंड करून तिथेच उभे होते. त्या संध्याकाळी प्रार्थनेला त्यांनी गोष्ट सांगितली नाही. नुसतं गीत म्हटलं आणि म्हणाले, "भाकरी गार होतेय, वाढा." एवढंच. समितीवरून ते उठले नाहीत, साळवेसरांशी भांडले नाहीत. माणूस एका वेळी जेवढा बदलतो तेवढाच बदलतो, आणि मला तेवढं पुरत नव्हतं. आजही पुरत नाही.

ओट्यावर मात्र काहीतरी हलत होतं, मुंगीच्या पावलानं. आधी निर्मलानं दारातून पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग एकदा कांदा फोडून दिला. मग एकदा शेंगदाण्याची चटणी, "सिस्टर, हाई घ्या," म्हणून. सासूकडे अजून बघायची नाही. तिला हाक मारायला तिच्याकडे शब्दच नव्हता, नवऱ्याशी बोलताना 'ती' म्हणायची. पावसात छप्पर गळायला लागलं तेव्हा चूल ओसरीवर आली, कारण ओल्या जळणाचा धूर माझ्या आईच्या डोळ्यांत जायचा. अक्का आपल्या जागीच, छपरात झोपायला. मी एसटीत चडफडायचे, "चूल आली घरात, बाई नाही आली." आई खिडकीला डोकं टेकून झोपलेली असायची.

कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हाचा रविवार. सगळं घर शेतातून दमून आलेलं, ओसरीत कापसाचा ढीग, निर्मलाचे हात बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेले. तिचा स्वयंपाक झालाच नव्हता. कौतिकअक्कानं चुलीवर डाळ टाकली होती आणि भाकऱ्या थापल्या होत्या, त्याच वाकड्या. आई ओट्यावर जेवायला बसली, मी बसले. निर्मला लेकराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात टेकली होती. भूक माणसाच्या चेहऱ्यावर दिसते. लेकरानं हात पुढे करून आईच्या थाळीतला भाकरीचा तुकडा ओढला आणि तोंडात कोंबला. अक्काच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. निर्मलानं लेकराच्या तोंडाकडे हात नेला, तो मध्येच थांबला. तिनं एकदा माझ्या आईकडे बघितलं. आई आपली डाळ भुरकत होती, जणू काही झालंच नाही. मग निर्मलानं तोच हात खाली आणून भाकरीचा मोठा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, खाल्ला. चावला. गिळला. कपाळाला आठी घातली.

"मीठ जास्ती पडी गये आज, आत्याबाई," ती म्हणाली.

कौतिकअक्कानं उलथनं तव्यावर आपटलं. "मंग उद्या तू कर ना! तुन्हा हातले काय मेंदी लागेल शे?"

"माले टाईम कथा शे? कापूस कोन येचस मंग?"

"मी बठेल शे ना आठे. मीठ जास्ती म्हने! तीन येय खासी तव्हय समजी."

सुपडू तोंड लपवून कापसाच्या ढिगाकडे वळला. आईनं थाळी चाटूनपुसून स्वच्छ केली, हात धुतले, पिशवी उचलली. आतली भांडणाची आच वाढतच होती, त्यामुळे आमचा निरोप कोणी घेतला नाही.

फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभ्या होतो. मी उगाच विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"

"पुढच्या रविवारी चर्च," आई म्हणाली. "शिकेकाई भिजवून ठेव. आता सासू-सुनेचं भांडण लागलंय, त्यात आपलं काय काम?"